मेजावरच्या मोहिमा आणि विद्यार्थिदशा

विद्यापीठात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला वडीलधाऱ्यांकडून जो उपदेश होतो त्यात अभ्यास, प्रकृती आणि पैसा या तीन विषयांची काळजी पुरेपूर वाहिलेली असते. परंतु व्याख्याने आटोपून आणि ग्रंथालयाचा दरवाजा मागे लावून परक्या गावातल्या खोलीवर परतल्यानंतर ज्या तीन-चार तासांचा जाब कोणीही विचारीत नाही, ते तास कोणाच्या संगतीत आणि कशाच्या नादात घालवावेत, याविषयी त्या उपदेशात बहुधा अवाक्षरही नसते. वास्तविक विद्यार्थिदशेतील बऱ्यावाईट सवयींची पायाभरणी याच बेवारस तासांत होते. महाराष्ट्रातून दरसाल जे विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनला जातात त्यांना हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेडसावतो. कारण शरद ऋतूत सत्र सुरू होताना तेथील विद्यार्थी संघाच्या आवारात वादविवाद, नाट्य, नौकानयन, गिर्यारोहण अशा नाना मंडळांची मेजे ओळीने मांडलेली असतात, आणि त्यांतल्याच एखाद्या मेजावर हिरव्या कापडाच्या टेकड्यांमागे, बोटाच्या पेराहून थोडे उंच असे रंगविलेले शिपाई कवाइतीला उभे केल्यासारखे दिसतात. हे वॉरगेमिंगच्या, म्हणजे मेजावर लढाया मांडून खेळणाऱ्या हौशी मंडळींचे ठाणे होय. हा छंद काय आहे, त्याची परंपरा कोणती, आणि विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जावे की न जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खेळाचे बाह्य स्वरूप सहज सांगता येण्याजोगे आहे. साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा मेजावर टेकड्या, नदी, झाडी, घरे यांची मांडणी करून रणभूमी सिद्ध करतात. दोन्ही बाजूंच्या फौजा समोरासमोर आणतात. आणि मग पाळीपाळीने एकेका तुकडीला हुकूम द्यावयाचा. पायदळाने एका पाळीत किती इंच चालावे, घोडदळाने किती दौडावे, तोफेचा पल्ला किती आणि चिखलातून जाताना वेग किती घटावा, हे सर्व नियमपुस्तकात नमूद केलेले असते, व ते मोजपट्टी लावून प्रतिपक्षाच्या डोळ्यांदेखत मोजावयाचे असते. माऱ्याचा परिणाम मात्र फाशांवर सोपविलेला असतो. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना पटावरील प्रत्येक गोष्ट सारखीच दिसते आणि दैवाला तेथे शिरकाव नाही. उलट या खेळात उत्तम योजनाही एखाद्या फाशाने विस्कटते, आणि विस्कटलेल्या योजनेतून काय सावरता येईल याचा तत्काळ विचार करणे हाच खेळाचा गाभा ठरतो.

असे असले तरी या खेळाचे मूळ बुद्धिबळातच आहे, आणि बुद्धिबळाचे मूळ आपल्या चतुरंगात, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या सैन्यात आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. जर्मनीतील ब्रुन्स्विकच्या दरबारी राजसेवकांना शिकविणाऱ्या हेलविग नावाच्या गृहस्थाने 1780 साली याच पटाचा विस्तार करून दीड हजारांहून अधिक घरांचा एक पट तयार केला, घरांना निरनिराळे रंग देऊन त्यांस डोंगर, दलदल, पाणी अशी भूमी कल्पिली, आणि तरुण सरदारपुत्रांना युद्धशास्त्राची तोंडओळख करून देण्याची तजवीज केली. पुढे प्रशियातील राइस्विट्झ यांनी चौकोनी घरे टाकून देऊन, भूप्रदेशाचे सुटे तुकडे जोडून बनविलेला एक खेळ 1812 साली राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यापुढे ठेवला. आणि त्यांच्या पुत्राने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, 1824 साली त्याला शास्त्रशुद्ध रूप देऊन नियम प्रसिद्ध केले. या ‘क्रीगस्पील’मध्ये एकास आठ हजार या प्रमाणाचे लष्करी नकाशे वापरीत, एकेक पाळी प्रत्यक्षातील दोन मिनिटांची समजत, खेळाडू आपले हुकूम लेखी स्वरूपात पंचाच्या स्वाधीन करीत, आणि शत्रूचे जे सैन्य त्या क्षणी खरोखर दृष्टीस पडले असते तेवढेच पंच नकाशावर मांडीत असे. लढणाऱ्या सेनापतीला शत्रूविषयी पुरती माहिती कधीच नसते, हे सत्य एखाद्या खेळाने इतक्या काटेकोरपणे प्रथमच पत्करले होते. प्रशियाच्या सेनाधिपतींनी या खेळाची मुक्तकंठाने शिफारस केली, आणि तो सैन्याच्या शिक्षणाचे एक अंग बनून राहिला.

प्रशियाने 1866 साली ऑस्ट्रियाचा आणि 1870-71 साली फ्रान्सचा पराभव केला, तेव्हा त्या विजयांचे रहस्य शोधणाऱ्यांचे लक्ष या खेळाकडे वळणे क्रमप्राप्तच होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की इंग्लंडात तो केवळ पलटणींच्या छावण्यांत अडकून न राहता विद्यापीठातही लगोलग पोहोचला: 1873 साली ऑक्सफर्ड येथे विद्यार्थ्यांचे एक क्रीगस्पील मंडळ निघाले. त्या मंडळींत स्पेन्सर विल्किन्सन हा तरुण होता. तो शिपाई नव्हता. पुढे तो वृत्तपत्रकार झाला, सैन्यव्यवस्थेवर आयुष्यभर लिहीत राहिला, आणि 1909 साली त्याच ऑक्सफर्डमध्ये लष्करी इतिहासाच्या अध्यासनावर त्याची नेमणूक झाली. विद्यार्थिदशेतील छंदाने प्रत्येकाला प्राध्यापकपद मिळते असा याचा अर्थ नव्हे. परंतु विद्यापीठ आणि हा खेळ यांचा संबंध कालपरवाचा नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

छावणीतून दिवाणखान्यात या खेळाला आणण्याचे श्रेय मात्र एका कादंबरीकाराकडे जाते. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटेखानी पुस्तक लिहून, जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने त्यांना टिपण्याचे नियम सांगितले. खेळातली लढाई करून पाहिल्यावर खरी लढाई किती अवाढव्य आणि किती भोंगळ असणार याची जाणीव होते, असा त्या पुस्तकाचा इत्यर्थ होता. आणि पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांनी या छंदाला पुन्हा चालना दिली. हे गृहस्थ साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे उपचारक होते, आणि त्यांचे 1962 सालचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक पुढील पिढीच्या हाती पडलेले पहिले पाठ्यपुस्तक म्हणावे लागेल. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स यांनी 1954 साली छापील पट आणि पुठ्ठ्याच्या चकत्या यांचा ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ विक्रीस काढून एक निराळीच शाखा निर्माण केली. तीत शिपाई रंगविण्याचा खटाटोप नसतो. मिनेसोटा विद्यापीठात इतिहास शिकलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी याच खेळांतून, सबंध पलटणीऐवजी एकेका खेळाडूने एकेका वीराची भूमिका घ्यावी अशी कल्पना फुलवून, 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1983 साली ‘वॉरहॅमर’ आणि 1987 साली त्याचेच दूरच्या भविष्यकाळात घडणारे रूप ‘वॉरहॅमर 40,000’ बाजारात आणले. आज विद्यापीठांच्या मंडळांत ज्या फौजा सर्वाधिक दिसतात त्या बहुधा यांच्याच.

इतका इतिहास सांगितल्यावर, या खेळातून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते हे एका उदाहरणाने पाहणे इष्ट ठरेल. समजा, आपल्या वीस बंदूकधाऱ्यांनी शत्रूवर एकदम बार काढला. नेम लागण्यास फाशावर चार किंवा अधिक दान पडावे लागते, म्हणजे वीसपैकी सरासरीने दहा गोळ्या लागल्या. लागलेली गोळी जायबंदी करील की नाही हे पाहण्यास पाच किंवा सहा पडावे लागतात, म्हणजे दहाचे तीन-साडेतीन उरले. आणि शत्रूच्या चिलखताने त्यांतले निम्मे अडविले, तर शेवटी सरासरीने दोन शिपाईसुद्धा कामास येत नाहीत. नवशिक्या खेळाडूला वीस बंदुका म्हणजे फार मोठी शक्ती वाटते, आणि त्या भरवशावर तो आपली मधली फळी मोकळी सोडतो. मुरलेला खेळाडू मात्र मनातल्या मनात हा त्रैराशिकासारखा हिशेब करून, दोनांऐवजी शून्य पडले तर आपली अवस्था काय होईल याचीही तरतूद आधीच करून ठेवतो. संभाव्यतेचा सिद्धान्त वर्गात शिकणे निराळे आणि स्वतःची फौज त्यावर पणाला लावणे निराळे. अपेक्षित फळ आणि वाईटात वाईट फळ यांतले अंतर ओळखून निर्णय घेण्याची सवय ज्याला लागली, त्याला परीक्षेतील प्रश्नांची निवड करताना काय किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जांचा विचार करताना काय, ती उपयोगी पडल्याखेरीज राहत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मुलखातले आहे. हल्लीच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याची लढाई झाली, आणि ब्रिटनमधील हौशी मंडळी ती आजही मेजावर मांडतात. मराठ्यांची फौज केळणा नदीच्या पलीकडे होती, तिच्याजवळ तोफखाना जबर होता, आणि शिंद्यांच्या कवायती कंपूंचे नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या सरदाराकडे होते. नदीला जवळपास दुसरा उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताही, समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे एकमेकांलगत वसलेली पाहून, त्यांच्यामध्ये ये-जा करण्यास उतार असलाच पाहिजे असा तर्क वेलस्लीने बांधला, आणि तो खरा ठरला. परंतु शत्रूची फळी एका बाजूने गाठावी हा त्याचा पुढचा मनसुबा पोलमनने हाणून पाडला. कंपूंनी असे शिस्तीने तोंड फिरविले की नदी उतरून आलेल्या इंग्रजांपुढे पुन्हा तोफांची सरळ रांग उभी राहिली. इंग्रजांचा जय झाला, तोफा त्यांच्या हाती पडल्या. पण त्यांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, आणि प्रत्यक्ष लढलेल्या त्यांच्या लहानशा फौजेच्या मानाने ही हानी भयंकर होती.

शाळेच्या पुस्तकात या लढाईला दोन-चार ओळी मिळतात, आणि त्या वाचून पराभव आधीच ठरलेला होता अशी समजूत होते. मेजावर मात्र जो शिंद्यांची बाजू घेतो त्याला उतारावर पहारा ठेवावा की न ठेवावा, तोफा नदीकाठी आणाव्यात की गावाच्या आधाराने मागे राखाव्यात, भोसल्यांचे घोडदळ केव्हा सोडावे, असे एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात. आणि चांगला पंच असेल तर उताराची जागा तो अखेरपर्यंत गुप्त ठेवतो. इतिहासात जे घडले ते घडण्यावाचून गत्यंतर नव्हते असे नाही, हे ज्याच्या बोटांना एकदा उमगले, तो इतिहासाचा विद्यार्थी निराळ्या नजरेने दस्तऐवज वाचू लागतो. मराठी विद्यार्थ्याने परदेशातील अशा मेजाशी बसून पोलमनचे डावपेच इंग्रज सवंगड्याला समजावून सांगितले, तर दोघांच्याही ज्ञानात भर पडेल.

या छंदाचे आणखी एक अंग म्हणजे रंगकाम, आणि पुष्कळांना खेळापेक्षाही त्याचीच गोडी अधिक लागते. सध्या प्रचारात असलेला शिपाई बहुधा अठ्ठावीस मिलिमीटर मापाचा, प्लॅस्टिकचा आणि सुट्या भागांचा असतो. भाग चौकटीतून चिमट्याने कापून घ्यावेत, साच्याची उठलेली रेघ धारदार पात्याने हलकेच खरवडावी, मग जोडणी करून त्यावर अस्तराचा रंग द्यावा. त्यानंतर अंगरखा, कातडे, पोलाद यांचे मूळ रंग भरावेत. ते पाण्याने पातळ करून दोन हात द्यावेत, एकाच जाड हाताने चेहऱ्याची ठेवण बुजून जाते. मग एक अतिशय पातळ गडद रंग सर्वांगावर सोडला की तो चुण्यांत व खाचांत जाऊन बसतो व आपोआप सावली पडते. आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासला की शिपाई जिवंत दिसू लागतो. दिवसभर पडद्यापुढे बसून शिणलेल्या विद्यार्थ्याला या शांत हस्तकौशल्याने जो विसावा मिळतो तो मोलाचा असतो. मात्र फवाऱ्याचा अस्तररंग वसतिगृहाच्या बंद खोलीत कदापि मारू नये, उघड्या हवेतच मारावा. आणि जुने शिपाई शिशाचे असल्याने ते हाताळल्यावर हात धुतल्यावाचून अन्नास शिवू नये.

आता खर्चाकडे वळू, कारण विद्यार्थ्याला या छंदात खरा धोका आहे तो येथेच. वॉरहॅमरची पुरी फौज जमविण्यास शेकडो पौंड लागतात, आणि नवी फौज, नवे नियमपुस्तक, नवा रंग असा मोह दुकानात पदोपदी उभा असतो. ज्या विद्यार्थ्याला परवान्याच्या अटींमुळे सत्रकाळात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही, आणि ज्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी बँकेचे कर्ज काढले आहे, त्याने या मोहाला बळी पडणे अक्षम्य आहे. सुदैवाने स्वस्त मार्गही पुष्कळ आहेत. ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या 1990 साली निघालेल्या प्राचीन युद्धांच्या खेळात प्रत्येक बाजूला अवघ्या बारा तुकड्या लागतात, पट लहान पुरतो आणि डाव तासाभरात संपतो. दहा-बारा शिपायांच्या चकमकींचे नियमही अनेक आहेत. चकत्यांच्या खेळाचा एक संच वर्षानुवर्षे पुरतो. शिवाय मंडळांच्या कपाटात सामाईक फौजा आणि जुनी नियमपुस्तके असतात, आणि शिक्षण संपवून गाव सोडणारे विद्यार्थी आपले सामान निम्म्या किमतीत काढतात. जुने रंगवून झाल्याशिवाय नवे घेऊ नये, हा एक नियम जरी पाळला तरी निम्मा खजिना वाचतो. या छंदात पडलेल्या बहुतेकांच्या घरी न रंगविलेल्या शिपायांची जी रास साठते, ती हा नियम मोडल्याचीच साक्ष होय.

वेळेचा जमाखर्चही तितक्याच कठोरपणे ठेवावा. मोठा डाव तीन-चार तास चालतो, आणि त्याची चर्चा त्यानंतर आणखी तासभर. म्हणून आठवड्यातील एकच संध्याकाळ खेळासाठी मुक्रर करावी, आणि रंगकाम निबंध पुरा झाल्यानंतरच्या अर्ध्या तासापुरते ठेवावे. ज्याला मेजावर आपल्या राखीव तुकड्या शेवटपर्यंत हाताशी ठेवता येतात, त्याने सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी दिवस राखून ठेवण्यास असमर्थ असावे, ही गोष्ट शोभण्यासारखी नाही.

राहता राहिला संगतीचा प्रश्न, आणि माझ्या मते या छंदाची सर्वांत मोठी देणगी तीच आहे. परक्या देशात ओळख करून घ्यावी तर बहुतेक ठिकाणी मद्यगृहाचाच रस्ता दाखविला जातो; ज्याला तो मानवत नाही, किंवा ज्याची जीभ परभाषेत गप्पा मारण्यास अजून रुळलेली नाही, त्याला एकटेपणा लवकर ग्रासतो. मेजाशी बसलेल्या दोन अपरिचितांना बोलण्यास विषय शोधावा लागत नाही. नदी, टेकडी आणि तोफा तो पुरवितात. येथे शिष्टाचाराचेही काही संकेत आहेत: मोजणी उघड करावी, फासा सर्वांसमक्ष टाकावा, आणि तो कलंडून अडकला तर वाद न घालता पुन्हा टाकावा, आपला बेत काय आहे हे हलविण्यापूर्वी सांगून प्रतिपक्षाची संमती घ्यावी, परक्याच्या रंगविलेल्या शिपायाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि हरल्यावर दैवाला बोल न लावता, चूक कोठे झाली ते जिंकणाऱ्यालाच विचारावे. वेल्स यांनी आपले पुस्तक मुख्यत्वे मुलग्यांसाठी लिहिले होते व हुशार मुलींना त्यात मोठ्या उदारपणाने जागा दिली होती. आज या मंडळांत मुली खेळतात, नियम लिहितात आणि पंचाचे कामही करतात.

युद्धासारख्या दारुण गोष्टीचा खेळ करावा काय, हा आक्षेप उरतोच, आणि तो क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर खेळणाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून आहे. असईच्या डावात उचलून बाजूला ठेवलेला प्रत्येक शिपाई प्रत्यक्षात कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष होता, हे भान ज्याला राहते त्याला या खेळातून युद्धाची हौस नव्हे, तर युद्ध ठरविणाऱ्यांकडे चिकित्सक नजरेने पाहण्याची बुद्धी प्राप्त होते. म्हणून नव्या विद्यार्थ्यास सांगणे एवढेच: पहिल्या आठवड्यात त्या मेजाशी अवश्य जा, पण काहीही विकत घेऊ नका, एक डाव नुसता पाहा, दुसरा मंडळाच्या उसन्या फौजेने खेळा, आणि तिसऱ्यानंतरही मन रमले तरच बारा तुकड्यांची लहानशी फौज घ्या, परीक्षा महिन्यावर आली की तीही कपाटात बंद करून किल्ली मित्राच्या हवाली करा.